फिट मेंदूत नेमकी कुठून उठते? सांगली-साताऱ्याच्या कुटुंबांसाठी तपासण्यांची वाट

गोळ्या वेळेवर चालू आहेत, तरी महिन्या-दोन महिन्यांनी फिट येतेच. कधी शेतात, कधी शाळेत, कधी झोपेत. मग डॉक्टर सांगतात, "आता जागा शोधायला लागेल, मोठ्या ठिकाणी दाखवा." इथे बहुतेक घरं अडकतात. कुठलं ठिकाण, कुठली तपासणी आधी, एकदा एमआरआय झालाय तो परत का, हे नीट बसून सांगणारं कुणी भेटत नाही. आमच्या घरात ही वाट चालून झाली आहे. पुतण्याचं सगळं मार्गी लागल्यावर गावातल्या आणि पाहुण्यांतल्या बऱ्याच घरांबरोबर मिरज, पुणे, मुंबई केलं. मी डॉक्टर नाही; औषधाचा आणि शस्त्रक्रियेचा शब्द डॉक्टरांचाच. पण त्यांच्यासमोर बसण्याआधी काय माहीत असावं, काय हातात असावं, ते इथे क्रमाने लिहीत आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. कुठलंही मशीन एकटं फिटची जागा दाखवत नाही. एमआरआय मेंदूची ठेवण दाखवतो, ईईजी विजेचे झटके टिपतो, पेट मेंदूचा कुठला भाग साखर कमी वापरतो ते सांगतो. आणि फिट सुरू होताना माणूस काय करतो, हे फक्त घरच्यांनी पाहिलेलं असतं. या सगळ्यांची बोटं एकाच जागेकडे वळली, तरच "जागा सापडली" म्हणायचं.

तुमच्यासाठी ही वाट आहे का?

फिट येणाऱ्या प्रत्येकाला हे सगळं लागत नाही. बहुतेकांच्या फिट गोळ्यांवर थांबतात आणि त्यांनी गोळी न चुकवता घेत राहावं, एवढंच पुरतं. ग्लासगोमध्ये ४७० नव्या रुग्णांचा अभ्यास झाला, तो २००० साली छापून आला. त्यात पहिल्याच औषधावर ४७ टक्के लोक फिटमुक्त झाले, दुसऱ्यावर आणखी १३ टक्के, आणि तिसऱ्या औषधावर जेमतेम १ टक्का. फिटच्या आजाराला अपस्मार म्हणतात. म्हणून आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने २०१० साली व्याख्या ठरवली: योग्य निवडलेली, अंगाला सोसणारी दोन औषधं पुरेशा डोसमध्ये घेऊनही फिट थांबत नसतील, तर तो आजार औषधाला दाद न देणारा धरायचा. इथून पुढे नुसत्या गोळ्या बदलत बसण्यात वर्षं जातात. मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं. पोराची दहावी जाते, बारावी जाते, लग्नाचं वय येतं, आणि फाईलमध्ये चौथी-पाचवी गोळी लिहिलेली असते.

पण "औषध लागू पडत नाही" म्हणण्याआधी स्वतःला खरं खरं विचारा. गोळी रोज पोटात जाते का? उपासाला, जत्रेला, ऊसतोडीच्या धांदलीत चुकते का? डोस वजनाप्रमाणे आहे का? रात्रीच्या पाळ्या, जागरण, दारू आहे का? यातलं काही असेल तर आधी ते सुधारा.

दुसरी चाळणी प्रकाराची. काही फिट सुरुवातीपासूनच मेंदूच्या दोन्ही बाजूंत एकदम उठतात. सकाळी उठल्याउठल्या हातातला कप झटक्याने उडणं, मग कधीतरी मोठी फिट, असा प्रकार तरुण मुलामुलींत दिसतो. त्यांचा एमआरआय सहसा नॉर्मल येतो. तिथे शोधायची एक जागाच नसते. योग्य औषध निवडणं हाच मार्ग. जागा शोधायची ती मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या फिटची, डॉक्टर ज्याला फोकल म्हणतात. तुमचा प्रकार कोणता, हा पहिल्या भेटीतला पहिला प्रश्न असू द्या.

अंगारा लावायचा असेल तर लावा, देवाला जायचं असेल तर जा. गोळी मात्र एक दिवसही बंद करू नका. अचानक बंद केलेल्या गोळीने लागोपाठ फिट येतात आणि त्या जिवावर बेततात.

घरचं काम: सुरुवात टिपा

घरचे लोक डॉक्टरांना सांगतात, "हातपाय झाडले, तोंडाला फेस आला, शुद्ध गेली." हे फिटचं शेवटचं रूप आहे आणि ते जवळपास सगळ्यांचं सारखंच असतं. जागा कळते ती पहिल्या दहा-वीस सेकंदांवरून.

माझ्या पुतण्याचा एक व्हिडिओ त्याच्या आईने जेवताना काढला होता. भाकरीचा तुकडा हातात धरून तो मध्येच थांबतो. नजर एकटक. ओठ मिटक्या मारल्यासारखे हलतात. उजवा हात शर्टच्या बटणाशी चाळा करत राहतो, आणि त्याच वेळी डावा हात मनगटातून वाकडा होऊन ताठतो. मिनिटभराने तो उजव्याच हाताने नाक पुसतो आणि थोड्या वेळात नीट बोलायला लागतो. आम्ही हे डोळ्यांनी कित्येकदा पाहिलं होतं, पण "तो गप्प होतो" एवढंच सांगत होतो. मेंदूच्या डॉक्टरांनी तो व्हिडिओ परत परत पाहिला आणि म्हणाले, उजव्या बाजूच्या टेम्पोरल, म्हणजे कानशिलाच्या आतल्या भागाकडे आधी बघू. ताठलेला हात सहसा उलट बाजू दाखवतो, चाळा करणारा आणि नाक पुसणारा हात बहुतेकदा त्याच बाजूचा असतो, आणि बोलणं लवकर परत आलं म्हणजे भाषेची बाजू, जी बहुतेकांत डावी असते, ती कदाचित वाचली आहे.

म्हणून मोबाईल हाताशी ठेवा. चेहरा आणि दोन्ही हात एका चौकटीत येऊ द्या, अंगावरची गोधडी बाजूला करा, आणि व्हिडिओ काढता काढता त्याला नावाने हाक मारा, "हात वर कर" म्हणा. तो ऐकतो का, उत्तर देतो का, हे आवाजासकट टिपलं जाईल. दोघं जण असाल तर एकाने माणूस सांभाळायचा, एकाने व्हिडिओ. एकटेच असाल तर व्हिडिओ राहू द्या. त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, तोंडात चमचा-किल्ली काहीही घालू नका, कांदा-चप्पल नाकाला लावत बसू नका. झटके पाच मिनिटांच्या पुढे गेले किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी फिट लागली तर १०८ला फोन करा.

व्हिडिओत न दिसणाऱ्या गोष्टी त्या माणसालाच विचारा. फिट यायच्या आधी पोटातून काही वर चढल्यासारखं होतं का, हे सगळं आधी घडून गेलंय असं वाटतं का, विचित्र वास येतो का? हे टेम्पोरल भागाकडे बोट दाखवतं. डोळ्यांपुढे रंगीत गोळे किंवा चमकणारे दिवे दिसणं मागच्या, दृष्टीच्या भागाकडे नेतं. झोपेतून अचानक उठून पायांची जोरात झाडाझाड, अर्ध्या मिनिटात सगळं शांत, आणि असं एका रात्रीत अनेकदा, हे कपाळामागच्या भागाकडे. फिटनंतर एक हात किंवा पाय काही वेळ लुळा पडत असेल तर कोणता, ते न विसरता लिहून ठेवा.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. बाळंतपण अडलं होतं का, मूल उशिरा रडलं का, लहानपणी तापात खूप वेळ फिट आली होती का, डोक्याला मार लागला होता का? आमच्याकडे आजीने सांगितलं की वर्षाचा असताना तापात आचका आला होता आणि तालुक्याला पोचेपर्यंत थांबला नव्हता. ही एक गोष्ट कुठल्याच कागदावर नव्हती, आणि पुढे तीच फार कामाची ठरली. लग्नाच्या भीतीने मुलींच्या बाबतीत हा इतिहास दडवला जातो, हे मी फार पाहिलंय. हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा अडसर १९९९ साली काढून टाकला आहे. डॉक्टरांपासून तरी काही लपवू नका.

फाईल

एका जाड फाईलमध्ये सगळे केसपेपर तारखेच्या क्रमाने लावा. वर एक कागद: कोणती गोळी, किती डोस, कधीपासून कधीपर्यंत, का बंद केली. सोबत फिटची वही, म्हणजे तारीख, वेळ, जागेपणी का झोपेत, किती मिनिटं, पाळीच्या आसपास का.

एमआरआयचा कागदी रिपोर्ट आणि ती काळी फिल्म पुरत नाही. सीडी मागून घ्या. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीत सगळी. सीडी घरी नेऊन कॉम्प्युटरवर उघडते का ते बघा, आणि तिची एक नक्कल पेनड्राइव्हवर ठेवा. मुंबईला पोचल्यावर सीडी कोरी निघाली म्हणून परत फिरलेलं कुटुंब मला माहीत आहे.

एमआरआय: "नॉर्मल" शब्दावर थांबू नका

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच.

पहिली फिट आल्यावर आपल्याकडे बहुतेकदा सीटी स्कॅन होतो. तो चांगलाच आहे. रक्तस्राव, मोठी गाठ, कॅल्शियम साचलेली जुनी गाठ तो पटकन दाखवतो. पण फिटची बारीक कारणं सीटीत दिसत नाहीत. मग कुणीतरी एमआरआय सांगतं, चिठ्ठीवर नुसतं "एमआरआय ब्रेन" लिहिलेलं असतं, आणि रिपोर्ट येतो: नॉर्मल. घरच्यांना वाटतं, मेंदूत काही नाही, मग हे बाहेरचंच असणार.

जर्मनीतल्या बॉन शहरात यावर एक अभ्यास झाला, तो २००२ साली छापून आला. औषधाला दाद न देणाऱ्या फिटचे १२३ रुग्ण होते. त्यांचा साधा एमआरआय नेहमीच्या रेडिओलॉजिस्टनी वाचला तेव्हा मेंदूतला दोष ३९ टक्के वेळाच हाती लागला. तीच चित्रं अपस्मारातल्या जाणकारांनी वाचली तर ५० टक्के. आणि अपस्मारासाठी वेगळ्या पद्धतीने काढलेला एमआरआय त्याच जाणकारांनी वाचला, तेव्हा ९१ टक्के. आजार तोच होता. चित्र काढायची पद्धत बदलली, वाचणारा डोळा बदलला.

ही पद्धत म्हणजे "एपिलेप्सी प्रोटोकॉल". २०१९ साली आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेच्या गटाने ती सोपी करून मांडली. साध्या एमआरआयमध्ये मेंदूचे सुमारे पाच मिलिमीटर जाडीचे काप, तेही मध्ये फट ठेवून काढले जातात. बारीक दोष त्या फटीत सहज निसटतो. एपिलेप्सी प्रोटोकॉलमध्ये एक मिलिमीटरचे, मध्ये फट न सोडता दोन संच काढतात. त्यांची नावं थ्री-डी टी-वन आणि थ्री-डी फ्लेअर. तिसरा संच टी-टूचा, हिप्पोकॅम्पस या भागाला काटकोनात धरून काढलेले बारीक काप. मशीन तीन टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मिळालं तर उत्तम. पण दीड टेस्लावरही ही पद्धत नीट वापरली तर काम होतं, आणि तीन टेस्लावर साधाच एमआरआय काढला तर पैसे वाया. सेंटरला फोन करताना "मशीन किती टेस्लाचं" एवढंच विचारू नका. "एपिलेप्सी प्रोटोकॉल करता का, थ्री-डी फ्लेअर असतं का" असं विचारा.

चिठ्ठीवर काय लिहून घ्यायचं, तेही सांगते. डॉक्टरांना विनंती करा की फिटची सुरुवात कशी होते आणि कोणत्या बाजूचा संशय आहे, हे चिठ्ठीवर दोन ओळींत लिहा. पुतण्याच्या पहिल्या एमआरआयच्या चिठ्ठीवर फक्त "फिट" होतं, रिपोर्ट नॉर्मल आला. दुसऱ्या वेळी "उजव्या टेम्पोरल भागाचा संशय, लहानपणी तापात लांबलेली फिट" असं लिहिलं होतं. या वेळी उजवा हिप्पोकॅम्पस डाव्यापेक्षा लहान आणि फ्लेअरवर जास्त उजळ दिसला. याला मेझियल टेम्पोरल स्क्लेरोसिस म्हणतात. हिप्पोकॅम्पस कानाच्या आतल्या अंगाला, खोलवर असतो. आठवणी साठवायचं काम करतो. मोठ्या माणसांत औषधाला दाद न देणाऱ्या फिटचं हे एक फार नेहमीचं कारण आहे.

आणखी काय सापडतं? जन्माच्या वेळी मेंदूला मिळालेल्या कमी प्राणवायूचे व्रण. मेंदूची साल गर्भातच नीट न घडल्याचा छोटा पट्टा, त्याला फोकल कॉर्टिकल डिस्प्लेझिया म्हणतात. मुलांमध्ये हा फार दिसतो आणि हाच सगळ्यात जास्त निसटतो. हळू वाढणाऱ्या लहान गाठी, रक्तवाहिन्यांचे गुच्छ. क्षयाची गाठ.

आणि आपल्या भागात हमखास निघणारी एक गोष्ट म्हणजे फीतकृमीच्या अळीची गाठ, न्यूरोसिस्टिसर्कोसिस. हे ऐकून माळकरी घरातली माणसं चपापतात: "आम्ही अंडंसुद्धा शिवत नाही, मेंदूत अळी कुठून?" ती मांस खाऊन मेंदूत जात नाही. ज्याच्या आतड्यात ती फीतकृमी आहे त्याच्या विष्ठेतून अंडी मातीत, पाण्यात, भाजीवर, न धुतलेल्या हातांवर येतात आणि कोथिंबिरीच्या काडीवरूनही पोटात जातात. शाकाहारी माणसाला कमीपणा वाटावा असं त्यात काहीच नाही. अशी एकच गाठ असेल तर औषधाने आणि काळाने ती बऱ्याचदा विरून जाते. लगेच शस्त्रक्रियेचा विचार करून घाबरू नका.

आता एमआरआयच्या दिवसाची तयारी. अंगावरचा सगळा धातू काढायचा: मंगळसूत्र, जोडवी, कानातलं, केसांतले चाप, चांदीचा करदोटा. फिट येणाऱ्या माणसाच्या दंडाला किंवा गळ्यात ताईत असतोच, आणि त्याची पेटी तांब्याची किंवा लोखंडाची असते. तो घरून निघतानाच देव्हाऱ्यात ठेवा, म्हणजे ऐन वेळी रडारड होत नाही. जोडवी निघत नसतील तर आदल्या दिवशी साबणाच्या पाण्याने प्रयत्न करा. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर यंत्र, हाडातली पट्टी, काहीही असेल ते सांगा. कुपवाड एमआयडीसीत, किर्लोस्करवाडीला लेथवर किंवा ग्राइंडरवर काम केलेल्या माणसाने, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे तंत्रज्ञाला आधी सांगितलंच पाहिजे. चुंबकात तो कण हलला तर डोळा जाऊ शकतो.

आत अर्धा-पाऊण तास हलायचं नाही. आवाज मोठा येतो, कानात बोळे देतात, हातात घंटी देतात. जरासं हललं तरी एक मिलिमीटरचे काप धूसर होतात, म्हणून लहान मुलांना झोपेचं औषध द्यावं लागतं. किती तास उपाशी ठेवायचं ते आधी विचारा. नेहमीची फिटची गोळी मात्र घोटभर पाण्याबरोबर द्यायची का, हे वेगळं विचारून घ्या. उपाशीच्या नावाखाली ती चुकवू नका. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, त्यामुळे पुन्हा काढायला सांगितला तर किरणांची भीती बाळगू नका. शिरेतून द्यायचं रंगद्रव्य दर वेळी लागत नाही. गाठ किंवा जंतुसंसर्गाचा संशय असेल तर देतात.

सगळं नीट करूनही शस्त्रक्रियेच्या विचारासाठी आलेल्या साधारण २० ते ३० टक्के लोकांच्या एमआरआयमध्ये काहीच सापडत नाही. तिथे वाट संपत नाही, लांबते.

कुठे जायचं, कसं जायचं

सुरुवात जवळून करा. सांगली-मिरज भागात सांगलीचं सिव्हिल आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. कराडला कृष्णा हॉस्पिटल. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय. केसपेपर, औषधांची घडी आणि पुढची चिठ्ठी इथून घ्या. मेंदूचे डॉक्टर कोणत्या वारी असतात ते आधी विचारून जा, नाहीतर जत-आटपाडीहून, दहिवडी-म्हसवडहून आलेल्या माणसाचा दिवस बुडतो.

जागा शोधण्याचं पूर्ण काम मात्र जिथे अपस्माराचा खास विभाग आहे तिथेच. मुंबईचं केईएम, बेंगळुरूचं निम्हान्स, तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा ही त्यातली सरकारी पाठबळाची, जुनी नावं. पुण्यातही काही मोठ्या खाजगी रुग्णालयांत सोय आहे. मुंबईसाठी महालक्ष्मी एक्सप्रेस सांगली-कराड-सातारा करत रात्रीतून नेते, बेंगळुरूसाठी मिरजेहून थेट गाडी आहे. फिट येणाऱ्याला वरचा बर्थ कधीही घेऊ नका. रात्रीची झोप मोडली की फिट येते, म्हणून जमलं तर एक दिवस आधी पोचा आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको.

पैशाचं आधीच बोला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र रुग्णालयात बसतो. रेशनकार्ड, आधार घेऊन त्याला विचारा की यातली कोणती तपासणी बसते, कोणती नाही, आणि दाखल व्हायच्या आधीच विचारा. राज्याबाहेर जाणार असाल तर तिथल्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जाऊन या.

व्हिडिओ ईईजी: फिट यायची वाट बघत बसायचं

साधा ईईजी वीस-तीस मिनिटांचा असतो. तेवढ्या वेळात मेंदूने झटका दाखवला तर ठीक. नाही दाखवला म्हणून आजार नाही असं होत नाही. आदल्या दिवशी डोकं शाम्पूने धुवा, तेलाचा थेंबही नको, नाहीतर तारा चिकटत नाहीत.

जागा शोधायला मात्र व्हिडिओ ईईजी लागतो. डोक्याला वीस-एक तारा लावून, समोर कॅमेरा ठेवून माणसाला काही दिवस वॉर्डात ठेवतात आणि खरी फिट यायची वाट बघतात. डॉक्टर देखरेखीखाली गोळ्या कमी करतात. हे फक्त तिथेच, त्यांच्याच हाताने. घरी कुणी असा प्रयोग करू नये. सोबत राहणाऱ्याचं काम सोपं पण महत्त्वाचं. फिटची चाहूल लागली की बटण दाबा, अंगावरची चादर ओढून काढा, कॅमेऱ्याच्या आणि माणसाच्या मध्ये उभे राहू नका, त्याला मिठी मारून धरू नका. जीव वर-खाली होतो, आईला तर फारच जड जातं, पण तुमच्या पाठीमागे लपलेला हात डॉक्टरांना दिसत नाही आणि पुन्हा पुढच्या फिटची वाट बघायची वेळ येते.

पेट आणि स्पेक्ट

एमआरआयमध्ये काही नाही, किंवा एमआरआय एक म्हणतो आणि ईईजी दुसरंच, अशा वेळी या दोन तपासण्या येतात. सगळ्यांना लागत नाहीत.

पेटमध्ये किरणोत्सर्गी खूण लावलेली साखर शिरेतून देतात. फिटच्या दोन वेळांच्या मधल्या काळात आजारी भाग साखर कमी ओढतो आणि चित्रात फिका दिसतो. टेम्पोरल भागाच्या फिटसाठी ही तपासणी जास्त उपयोगी. त्या खुणेचा जोर दर ११० मिनिटांनी निम्मा होतो, म्हणून माल वेळेवर पोचवावा लागतो; सांगितलेल्या वेळी हजर राहा. चार ते सहा तास उपाशी, चहासुद्धा साखरेचा नको. मधुमेह असेल तर आधी कळवा, बाई गरोदर असेल तर आधी कळवा. इंजेक्शननंतर अंधाऱ्या खोलीत गप्प पडून राहायचं, मोबाईल नाही, गप्पा नाहीत. त्या वेळात बारीकशी फिट आली तरी चित्र उलटं येतं, म्हणून लक्ष असू द्या आणि आली तर सांगा.

स्पेक्ट सगळ्यात अवघड. फिट सुरू झाल्या-झाल्या, काही सेकंदांत, शिरेत औषध सोडावं लागतं. जो भाग त्या क्षणी सर्वांत जास्त रक्त ओढतो तिथे ते जाऊन बसतं, आणि फिट ओसरल्यावर शांतपणे चित्र काढतात. इंजेक्शनला उशीर झाला तर चित्रात फिट पसरलेली दिसते, सुरुवात दिसत नाही. उसाचा फड पेटल्यावर उशिरा पोचलेल्याला सगळीकडे जाळच दिसतो, ठिणगी कुठल्या सरीत पडली ते कळत नाही, तसंच. म्हणून नर्स सिरिंज भरून पलंगाशी बसलेल्या असतात, आणि म्हणून फिट सुरू होतेय हे घरच्यांनी ओळखून लगेच सांगणं इथे लाखमोलाचं. नंतर फिट नसतानाचा दुसरा स्पेक्ट काढून पहिल्यातून तो वजा करतात. जास्तीचं रक्त कुठे होतं ते एमआरआयवर ठिपक्यासारखं उमटतं.

मेंदूतल्या विजेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र मोजणारी एमईजी नावाची तपासणीही आहे. देशात ती मोजक्याच ठिकाणी होते; डॉक्टरांनी सांगितली तरच तिचा विचार करा.

भाषा आणि आठवण कुठे आहे, तेही बघतात

फिटची जागा सापडली म्हणजे ती काढता येते असं नाही. तिच्या शेजारी बोलण्याचा, हात हलवण्याचा भाग असेल तर? त्यासाठी फंक्शनल एमआरआय करतात. आत झोपलेल्या माणसाला शब्द आठवायला सांगतात, गोष्ट ऐकवतात, आणि त्या वेळी मेंदूचा कोणता भाग कामाला लागतो ते पाहतात. मानसशास्त्रज्ञ वेगळी, लांबलचक स्मरणाची परीक्षा घेतात. राज्याबाहेर असाल तर आग्रहाने सांगा की ही परीक्षा मराठीत घ्या किंवा मराठी जाणणारं माणूस सोबत बसू द्या. माणदेशातल्या बाईला इंग्रजी किंवा हिंदीत शब्द आठवायला लावले तर तिची आठवण कमी नसतानाही कमी दिसेल, आणि त्यावर मोठा निर्णय अवलंबून असतो.

बैठकीत काय ठरतं

सगळं हातात आल्यावर मेंदूचे डॉक्टर, शल्यचिकित्सक, रेडिओलॉजिस्ट, मानसशास्त्रज्ञ एकत्र बसतात. व्हिडिओ, ईईजी, एमआरआय आणि बाकीचं एकाच जागेकडे बोट दाखवत असेल आणि ती जागा काढल्याने मोठं नुकसान होणार नसेल, तर शस्त्रक्रिया सुचवतात. बोटं वेगवेगळीकडे जात असतील तर कवटीला बारीक छिद्रं पाडून मेंदूच्या आत तारा बसवून काही दिवस मोजतात, त्याला एसईईजी म्हणतात. आणि कधी उत्तर "शस्त्रक्रिया नको" असं येतं. मग औषधांची नवी जुळणी, मुलांसाठी कीटोजेनिक (भरपूर स्निग्ध, फार कमी पिष्ट असलेला) आहार, मानेतल्या नसेला झटके देणारं यंत्र, असे मार्ग उरतात.

आकडे माहीत असलेले बरे. टेम्पोरल फिटच्या ८० रुग्णांवरचा कॅनडातला अभ्यास २००१ साली आला: शस्त्रक्रियेच्या गटातले ५८ टक्के वर्षाअखेरीस शुद्ध हरपणाऱ्या फिटपासून मुक्त होते, नुसत्या औषधांवरच्यांपैकी ८ टक्के. दिल्लीच्या एम्समध्ये ११६ मुलांवरचा अभ्यास २०१७ साली आला: शस्त्रक्रियेच्या गटात ७७ टक्के फिटमुक्त, औषधांच्या गटात ७ टक्के. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या ३३ टक्के मुलांना गंभीर त्रासही झाला. त्यात एका बाजूचा अशक्तपणा मुख्य होता, आणि मेंदूचा मोठा भाग वेगळा करायच्या शस्त्रक्रियांत तो बराचसा अपेक्षितच असतो. दोन्ही आकडे समोर ठेवून विचारा.

डॉक्टरांकडे जाताना हे प्रश्न लिहून न्या. कोणत्या तपासण्या एकमेकींशी जुळल्या, कोणती जुळली नाही? आमच्या माणसाच्या बाबतीत फिट पूर्ण थांबायची शक्यता किती? बोलणं, आठवण, नजर, हात यांपैकी कशाला धोका? शस्त्रक्रियेनंतर गोळ्या किती वर्षं? (बहुतेकांना त्या पुढेही बराच काळ घ्याव्या लागतात, शस्त्रक्रिया झाली म्हणून डबा फेकून देऊ नका.) मुलगी असेल तर पुढच्या बाळंतपणाच्या दृष्टीने कोणती गोळी बदलायची, हेही याच बैठकीत विचारा, लग्न ठरायची वाट बघू नका.

आणि उत्तर "आत्ता काही करता येत नाही" असं आलं, तर त्याची तारीख घालून लेखी कागद घ्या, सगळ्या तपासण्यांच्या सीडी परत मागून घ्या आणि पुन्हा कधी दाखवायचं ते विचारा. एमआरआय काढायच्या आणि वाचायच्या पद्धती सुधारत आहेत. जुन्या "नॉर्मल" चित्रात काही वर्षांनी दोष सापडल्याची उदाहरणं आहेत. तोवर फिटची वही चालू ठेवा.